पोत्याचं तोंड आत

माझा स्वभाव तापट आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे आणि मलाही. कोणी "हे तुला जमणार नाही" म्हटलं तर मी एकवेळ हसून सोडून देईन, पण "यात जमवण्यासारखं आहेच काय" असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या गटाच्या प्रमुखाने दिवाळीनंतरच्या एका सकाळी नेमकं हेच म्हटलं, तेही बारा जणांसमोर. तो पुण्यात बसून बोलत होता आणि मी चिखलीत, बाजाराच्या आवारामागच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, कानाला हेडफोन लावून ऐकत होते.

हा गट कसला, ते आधी सांगते. ठोकळ्यांचा एक खेळ आहे. त्यातलं सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, आणि खेळणारा ते ठोकळे एकावर एक ठेवून घर, पूल, गाव, मनात येईल ते बांधत बसतो. ज्यांना एवढ्यावर भागत नाही ते त्या खेळात स्वतः लिहिलेली भर घालतात. त्या भरीला मॉड म्हणतात. मी दिवसा घरूनच एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते आणि उरलेल्या वेळात हे मॉड लिहिते. ह्यातून एक पैसा मिळत नाही, म्हणून माझी माय त्याला 'तुझं ते फुकटचं' म्हणते.

आमच्या बारा जणांनी मिळून वऱ्हाडातलं एक तालुक्याचं गाव उभं करायला घेतलं होतं. एसटी स्टँड, जिनिंग, कापसाचे ढीग, आणि धान्याचा बाजार. बाजार माझ्याकडे आला, कारण आमच्या न्हाणीच्या भिंतीपलीकडे खरा बाजारच आहे. शेड झाले, ओटे झाले, वजनकाटा झाला. शेडमध्ये काय ठेवायचं असं विचारल्यावर मी म्हणाले, थप्पी. म्हणजे भरलेल्या पोत्यांची रचलेली रास. त्यासाठी मी पोत्याचा वेगळा ठोकळा करणार होते आणि तो कुठे ठेवता येईल, कुठे नाही, कसा वळेल, याचे नियम लिहिणार होते.

"पोत्यांना कसले नियम?" गटप्रमुख म्हणाला. "साधा ठोकळा घे, त्यावर पोत्याचं चित्र लाव. एकावर एक ठेवायची पोती, त्यात डोकं लावण्यासारखं काय आहे?"

तो वाईट माणूस नाही. माझ्यापेक्षा चांगलं लिहितो आणि चुकलं तर कबूल करतो. पण त्या क्षणी तो समोर असता तर मी काय केलं असतं ते सांगत नाही. मी एवढंच म्हणाले की मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ द्या. नाही जमलं तर तुमचा चित्राचा ठोकळा बसवा. पुढच्या रविवारी ते गाव सगळ्यांसाठी खुलं होणार होतं.

रागाचं कारण बाहेर दाराशी बाजेवर बसलं होतं. माझे बाबा. बत्तीस वर्षं त्यांनी याच बाजारात थप्पी लावली. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला आणि डॉक्टरांनी चढणं-उतरणं बंद केलं. तेव्हापासून ते दारात बसून असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम घालत, आणि कोणी जुन्या कामाचा विषय काढला तर म्हणत, "मी काय केलं? वझं उचललं." शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारलेला असे. तिथे ते मला सांगत, "नोकरी लिह्य. बाजारात नोकरी." मी लिहायची. कॉलेजात तर मी न विचारताच लिहिलं, आणि कोणी पुढे काही विचारलं नाही याचं मला बरं वाटलं. याची लाज मला आता वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

मला त्या खेळातल्या थप्पीतून दुसरंतिसरं काही नको होतं. बाबांनी एकदा तरी म्हणावं की आपण नुसतं वझं उचललं नाही, एवढंच हवं होतं.

त्याच दुपारी मी बाजेच्या कडेला बसले आणि विचारलं, "बाबा, थप्पी लावाचे कायदे काय असतात?"

"कायदे?" ते म्हणाले. "त्यात कायचा कायदा? आनलं पोतं, ठेवून देल्लं."

म्हणजे पुण्याचा तो आणि चिखलीचे हे, दोघांचं मत एकच. आता मला दोघांचाही राग आला. मी उठून आत गेले आणि ठरवलं की कोणाला विचारायचं नाही, मला माहीत आहे तेवढ्यावर लिहायचं.

आणि मला माहीत होतंच की. शाळेत असताना रोज दुपारी मी बाबांचा डबा घेऊन शेडच्या दारापर्यंत जायची. दाराच्या आत पोरीबाळींना येऊ देत नसत, वरून पोतं पडलं तर काय घ्या. तिथून मी बघायची. सात-आठ जण पाठीवर पोतं घेऊन लाकडी फळीवरून चढत आणि वर एकटे बाबा उभे असत. ते पोतं धरून उचलत नसत. वाहणाऱ्याच्या पाठीवरच पोत्याचा कान, म्हणजे कोपरा, धरून एक हिसका देत, आणि शंभर किलोचं पोतं फिरून जिथे पडायला हवं तिथेच पडे. डबा हातात धरून मी ते बघत उभी राहायची, भाजी निवून जायची.

त्या आठवणीतून मी तीन नियम काढले. पोत्याखाली पूर्ण लांबीला आधार हवा, अर्धं पोतं हवेत लटकता कामा नये. खालच्या थरातली पोती उभी, थप्पीच्या लांबीला असतील तर वरच्या थरातली आडवी, रुंदीला, म्हणजे थर एकमेकांना धरून ठेवतात. आणि पोत्याचं शिवलेलं तोंड आतल्या बाजूला, बाहेरून फक्त बूड दिसलं पाहिजे. दारातून मला नेहमी बुडंच दिसत. आतापर्यंत शेकडो थप्प्या पाहिल्या असतील, तोंड एकाही पोत्याचं पाहिलं नव्हतं.

खेळात ठोकळा ठेवायला बटण दाबलं की खेळ तुमच्या नियमाला विचारतो: इथे ठेवू का? आणि ठेवला तर तोंड कुठे करू? मी पोतं दोन ठोकळे लांब केलं. आधार तपासला, खालचा थर तपासला. तोंडासाठी सोपा रस्ता होता, सगळेच तो वापरतात. ठेवणारा ज्या दिशेला बघतोय ती दिशा घ्यायची आणि तोंड त्याच्यापासून लांबच्या टोकाला करायचं. मी समोर उभी राहून थर लावले. बुडं माझ्याकडे, तोंडं आत. चार दिवसांत झालं सगळं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की मायला म्हटलं, आज भाजी मी करते. तिने मला ताप आहे का ते हात लावून पाहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप बाजेवर नेऊन ठेवला. बाबांनी माउस कधी धरला नव्हता. चालायला शिकण्यातच तास गेला. आधी ते काट्यावर जाऊन आदळले, मग ओट्यावरून पडले, मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चालत राहिले. माय दारात उभी राहून हसत होती. शेवटी ते शेडमध्ये पोचले आणि मी म्हटलं, लावा थप्पी.

ते सरळ जागेच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तिथून एका बाजूला एक पोतं ठेवलं, वळून दुसऱ्या बाजूला दुसरं. चारही बाजूंना पोती पडली आणि ते बाहेर येऊन बघायला लागले. सगळ्या पोत्यांची शिवलेली तोंडं बाहेर.

बाबांचा चेहरा बदलला. मी त्यांना आजारात पाहिलं आहे, गुडघ्याच्या कळेत पाहिलं आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

"हे कोनं लावलं?" ते म्हणाले.

"तुमीच लावलं बाबा आत्ता."

"मी नाई असं लावत. तोंडं बाहेर काऊन आली? उंदीर सुतळी कातरते, एक पोतं उसवलं की ते ढिलं पडते, अन् ते ढिलं पडलं की त्याच्यावरचं समदं खाली येते. खाली मानसं असतात." त्यांनी बाजेवरून पाय खाली सोडले. "तू कुठून पाहून राह्यली होती हे लिहताना?"

"दारातून," मी म्हटलं.

"थप्पी दारातून लागते का वं? मी कुठं उभा असतो? मधी. वर. मी बाहेर आलो तर पोतं कोन घेईन?"

मला हसूही आलं आणि कपाळावर हात मारून घ्यावासाही वाटला. मी नियम लिहिला होता तो बघणारीच्या जागेवरून. लावणाऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर सगळं उलटं. गटातल्या दुसऱ्या कोणाकडूनही ही चूक झाली नसती, कारण त्यांच्यापैकी कोणी रोज डबा घेऊन दारात थांबलं नव्हतं.

पण आता खरा पेच पडला. ठेवणारा कुठे उभा आहे यावर तोंड ठरवायचं नाही, तर ठरवायचं कशावर? दोन पोती ठेवून झाल्यावर खेळाला काय कळणार की थप्पीचं आत कुठे आणि बाहेर कुठे? थप्पी अजून झालीच नाही. मी हे बाबांना समजावून सांगायला गेले, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाणी ओलं का असतं ते विचारते आहे.

"पाटे कुठं हायेत तुहे?" ते म्हणाले.

"कोनते पाटे?"

"लाकडाचे. पोतं जमिनीवर ठेवतं का कोनी? ओल धरते. आधी खाली पाटे मांडाचे, मंग त्याच्यावर पहिला थर. पाटे मांडले तिथंच थप्पी ठरली. लांबी, रुंदी, मधला भाग, समदं. पुढं नुसतं लावत जाचं."

लाकडी पाटे मला आठवत होते, पण ते मला नुसतं सामान वाटले होते. खरं तर सगळा हिशेब तिथे होता. आधी पाटे. पाटे मांडले की खेळाला थप्पीचा आकार कळतो. आकार कळला की मध्य कळतो. मध्य कळला की प्रत्येक पोत्याच्या दोन टोकांपैकी जे टोक मध्याच्या जवळ, ते तोंड. लावणारा आत उभा असो, बाहेर असो, नाहीतर झाडावर बसलेला असो, काही फरक पडत नाही. ज्या गोष्टीवर मी चार दिवस काढले होते ती बाबांनी एका वाक्यात सोडवली, आणि तेही मला रागावता रागावता.

"अजून काय?" मी विचारलं. आता मी वही घेतली होती.

"अजून काही नाई," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "भिंतीले चिकटवाचं नाई. हातभर जागा सोडाची, मानूस फिरला पाहिजे." मग चहा झाल्यावर म्हणाले, "वर जाताना दर थर जरासा आत घ्याचा." संध्याकाळी भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "कोपऱ्याचं पोतं सगळ्यात घट्ट भरलेलं पाह्याचं. ते तुह्या खेळात कसं कळीन कोनास ठाऊक." त्यांच्या तोंडून कायदे गळतच होते. त्यांनाही ते कायदे आहेत हे माहीत नव्हतं, कारण त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही, आणि मी तर त्यांच्याच घरात वाढले.

शुक्रवारी दुपारपर्यंत मी सगळं नव्याने लिहिलं. शनिवारी बाबांनी खेळाला फसवण्याचा चंगच बांधला. मुद्दाम पोतं जमिनीवर ठेवायला जात; खेळ ठेवू देत नसे, पोतं लाल होऊन परत हातात येई. मुद्दाम उभ्यावर उभं लावत, परत लाल. भिंतीला चिकटवून बघत, लाल. दर वेळी ते मांडीवर थाप मारत आणि म्हणत, "नाई म्हनते हे." एकदा तर त्यांनी अर्धा तास खपून बाजूने तिरकं लावून बघितलं, तेही पकडलं गेलं.

माय तांदूळ निवडत होती. "मी चाळीस वर्षं नाई म्हनून राह्यली," ती म्हणाली, "ते कधी ऐकू नाई आलं. त्या डब्याचं बरं ऐकू येते."

रविवारी सकाळी अकराला सगळा गट जमला. गाव खुलं करायच्या आधी एकेक भाग सगळ्यांसमोर बघायचा होता. बाबा माझ्या शेजारी खुर्चीवर बसले होते, धुतलेला सदरा घालून. मी हेडफोन काढून आवाज बाहेर लावला, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "मी बोलनार नाई. शिकलेले लोक हायेत."

गटप्रमुख शेडमध्ये आला. हातात पोतं घेतलं आणि जमिनीवर ठेवायला गेला. लाल. पुन्हा प्रयत्न केला. लाल. तिसऱ्यांदा.

"ठेवलं जात नाहीये," तो म्हणाला. "तुझ्या कोडमध्ये बग आहे. मी म्हटलं होतं, साधा ठोकळा घे."

माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा पुढे वाकले.

"साहेब, पाटे नाई मांडले तुमी," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"कोण बोलतंय?" गटप्रमुखाने विचारलं.

"लाकडाचे पाटे. डाव्या बाजूले ठेवले हायेत पाहा. आधी ते मांडा. तिथं नाई, भिंतीपासून हातभर दूर. हां."

त्याने पाटे मांडले. पोतं बसलं. त्याने बाहेरून लावलं, आतून लावलं, तोंड प्रत्येक वेळी आत गेलं. हे त्याच्या लक्षात आलं तसा तो गप्प झाला. लिहिणाऱ्या माणसाला हे गप्प होणं ओळखता येतं. तो मनात माझा नियम उलगडून बघत होता. दुसऱ्या थराला त्याने पुन्हा उभं पोतं घेतलं. लाल.

"आडवं घ्या भाऊ," बाबा म्हणाले. साहेबाचा भाऊ झाला हे त्यांना कळलंही नाही. "खाली उभं हाय ना? मंग वर आडवं. नाईतर एक थर सरकला की समदे सरकतात. नाई नाई, ते काढा. दोन्ही काढा. कोपऱ्यापासून पुन्हा घ्या."

आणि त्याने काढले. आमच्या गटाचा प्रमुख, जो माझं काम दोन शब्दांत परत पाठवतो, त्याने बाबांच्या सांगण्यावरून थर उकलले आणि कोपऱ्यापासून पुन्हा लावायला घेतले. बाकीचे दहा जण आपापली कामं सोडून शेडमध्ये येऊन उभे राहिले. सहा थर झाले. बाबांनी त्याला वर चढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावलं. थप्पी जागची हलली नाही. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. माझ्या त्या छोट्या स्पीकरमधून तो आवाज फाटून येत होता आणि मला तो अजून मोठा करावासा वाटला.

"काका," गटप्रमुख म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी सरळ होता, "तुम्ही सिव्हिल इंजिनिअर आहात का?"

मी बाबांकडे बघितलं. इथे ते नोकरी म्हणतील असं मला वाटलं. म्हटलं असतं तरी मी काही बोलले नसते.

"नाई," बाबा म्हणाले. "हमाल होतो मी. चिखलीच्या बाजारात. बत्तीस वर्षं थप्पी लावली."

आवाज खाली गेला नाही. माय दारात तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच थांबली. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसायच्याही फंदात पडले नाही, कारण कॅमेरा माझ्याकडे होता आणि बघू दे ज्याला बघायचं ते.

"मला माफ करा काका," तो म्हणाला. "मी हिला म्हटलं होतं की यात डोकं लावण्यासारखं काही नाही. एक विचारू? खऱ्या थप्पीत किती थर जातात?"

"ते बारदान्यावर हाय," बाबा म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "गोनपाटाचं पोतं एकमेकाले धरते. प्लास्टिकचं धरत नाई, सरकते. त्याचे थर कमी, अन् त्याचा कायदाच वेगळा हाय. तुमच्या खेळात एकच पोतं हाय, ते चुकलं."

माझ्या मॉडमध्ये खरंच एकच पोतं होतं. बाप माझी चूक बारा जणांसमोर काढत होता, आणि मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते.

"वेगळा म्हणजे कसा?" गटप्रमुखाने विचारलं. "नाही, थांबा काका. एक मिनिट. मी वही घेऊन येतो."

"या," बाबा म्हणाले. ते खुर्चीत मागे टेकून बसले आणि तो परत येईपर्यंत थांबले.